शिळं, ताजं आणि सकाळची बशी

मंडळी, आज कांदेपोह्यांच्या एका बशीचा हिशेब मांडायचा आहे. घाबरू नका, पाककृती देत नाही. पोहे किती भिजवायचे आणि साखर घालायची की नाही यावरून माझं आणि धाकट्या बहिणीचं गेल्या पन्नास वर्षांत पटलेलं नाही, तेव्हा त्या वाटेला जायचंच नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. हल्ली जिकडे-तिकडे ‘आपला पारंपरिक महाराष्ट्रीय नाश्ता’ अशा पाट्या दिसतात. खाली यादी असते: कांदेपोहे, उपमा, साबुदाण्याची खिचडी, थालीपीठ, बटाटेवडा. छत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेल्या बाईला ‘पारंपरिक’ हा शब्द दिसला की हात शिवशिवतात. कधीपासूनची परंपरा? कोणाच्या घरची? आणि सकाळी उठून ते सगळं करत कोण होतं?

पोह्यांपासून सुरुवात करू, कारण त्या यादीत खरे जुने तेच. संस्कृतात त्यांना ‘पृथुक’ म्हणतात, आणि सुदाम्याची पुरचुंडी तर सगळ्यांना पाठ आहे. पोह्यांची खरी गंमत अशी की ते आधीच शिजलेले असतात. साळ भिजवायची, भाजायची आणि गरम असतानाच कांडून चपटी करायची. पेणकडे हेच काम आता यंत्रावर होतं, पण क्रम तोच. त्यामुळे पोहे खायला चूल पेटवावी लागत नाही. दूध-गूळ घाला, दही घाला, ताक घाला, कोकणात नारळाचा रस आणि चिंच-गुळाचा कोळ घाला, झालं. प्रवासाला निघालेल्या माणसाने पडशीत काय बांधून न्यावं, तर पोहे. शिवाय सोवळ्या-ओवळ्याच्या काळात शिजवलेला भात खरकटा, पण कोरडे पोहे, लाह्या, चुरमुरे बहुतेक घरांत खरकटे मानत नसत. म्हणजे हे खाणं न्यायला, द्यायला, ठेवायला सगळ्यात सोपं. सुदामा भात घेऊन गेला असता तर द्वारकेपर्यंत काय झालं असतं, विचार करा.

पण मंडळी, हे झाले नुसते पोहे. आपल्या बशीत काय असतं? हिरवी मिरची, बटाटा, शेंगदाणे. तिन्ही वस्तू अमेरिका खंडातल्या. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचला आणि त्यानंतर पोर्तुगीजांच्या जहाजांतून एकेक करत त्या इकडे आल्या. ज्ञानेश्वरांच्या काळात, म्हणजे तेराव्या शतकात, या महाराष्ट्रात मिरची नव्हती, बटाटा नव्हता आणि भुईमूगही नव्हता. तिखट करायचं तर मिरी होती. नवी शेंग आली तेव्हा आपल्या लोकांनी जुन्या मिरीवरूनच तिला ‘मिरची’ म्हटलं. ‘बटाटा’ तर शब्दासकट उचलला, पोर्तुगीजच आहे तो, ‘पाव’ही तसाच. हिंग अफगाणिस्तान-इराणकडचा. आपल्याकडे त्याची रीतसर लागवड सुरू झाली ती २०२० साली, तीही थेट हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात! उरला कांदा. तो जुना खरा, पण आमच्या आजीकडे आषाढातल्या कांदेनवमीला पोटभर खाऊन घ्यायचा आणि मग चातुर्मास संपेपर्यंत नाव काढायचं नाही. मग वर्षातले चार महिने कांदेपोहे कुठले?

साबुदाण्याची कथा याहून मजेची आहे. मूळ साबुदाणा हा आग्नेय आशियातल्या साबू नावाच्या ताडासारख्या झाडाच्या खोडातल्या पिठाचा. आपण खातो तो मात्र टॅपिओका नावाच्या कंदाचा, जो मूळचा ब्राझीलकडचा. केरळात तो रुजला, एकोणिसाव्या शतकात त्रावणकोरच्या राजाने त्याच्या लागवडीला उत्तेजन दिलं. दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया-सिंगापूर घेतल्यावर बाहेरचा माल बंद झाला आणि १९४० च्या दशकात तमिळनाडूत सेलमला या कंदापासून साबुदाणा करण्याचे कारखाने उभे राहिले. आता एकादशीची बशी समोर घ्या. टॅपिओका ब्राझीलचा, बटाटा, शेंगदाणे, मिरची तिकडचीच, बाजूला रताळं, तेही तिकडचं. राजगिऱ्याचे मुख्य प्रकारसुद्धा अमेरिकेतले. इथली अशी भगर तेवढी! आणि ज्या गव्हा-ज्वारीवर आपले पूर्वज शेकडो वर्षं जगले ती उपासाला चालत नाहीत. मला यात देवाधर्माची थट्टा करायची नाही. मी स्वतः खिचडीसाठी उपास करणाऱ्यांपैकी आहे. :)

उपम्यावर फार वेळ घालवत नाही. आमच्याकडे त्याला उपीट म्हणतात आणि तो शब्द कानडीतल्या ‘उप्पिट्टु’वरून आला, उप्पु म्हणजे मीठ, हिट्टु म्हणजे पीठ. सोलापूरकडच्या मंडळींना हे सांगायला नकोच.

आता दुसरा प्रश्न. हे पदार्थ आले तरी ते सकाळी खायची पद्धत कधी पडली? ‘नाश्ता’ हा शब्द फारसी. ‘फराळ’ हा फलाहाराचा अपभ्रंश, तो सणावाराचा नाहीतर उपासाचा. आपला शब्द न्याहारी, आणि न्याहारी ही मुख्यतः कष्टकऱ्याची. पहाटे उठून शेतावर जायचं, दोन-तीन तास काम झालं की बांधावर बसून भाकरी, कांदा, ठेचा, असलं तर ताक. तळकोकणात दहाच्या सुमाराला पेज आणि लोणच्याची फोड. पण ती गरम असेलच असं नाही, आणि वेगळा पदार्थ म्हणून कोणी ती करत नव्हतं. भाकरी होती ती बांधून दिली, इतकंच.

पांढरपेशा घरांत तर न्याहारीची सोयच नव्हती, कारण घड्याळ आड येत होतं. कचेरी अकराची, शाळा अकराची. साडेनऊ-दहाला वरण, भात, भाजी, पोळी असं संपूर्ण जेवण करूनच पुरुष आणि मुलं बाहेर पडत. दहाला जेवायचं असेल तर आठला पोहे कशाला? माझ्या लहानपणीही आमच्याकडे असंच होतं. सकाळी चहा, मोठ्यांना. आम्हा मुलांना दूध असलं तर दूध. मुंबईत मात्र अंतरं वाढली, गिरण्यांचे भोंगे आणि लोकलची वेळापत्रकं आली. १८९० च्या सुमाराला डबेवाल्यांचा धंदा सुरू झाला आणि जेवण हळूहळू डब्यात बसून दुपारी एकला सरकलं. सकाळ आणि एक वाजता यांच्यामध्ये जी पोकळी पडली तिच्यात नाश्ता शिरला.

त्याच १८९० सालची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. वर्गात सांगितली की मुलं हसून हसून लोळायची. ऑक्टोबर महिन्यात पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. पुण्यातली बडी बडी मंडळी तिथे होती, न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. मिशनच्या लोकांनी चहा-बिस्किटं पुढे केली. काहींनी घेतली, काहींनी नुसता कप हातात धरून ठेवला. गोपाळराव जोशी (आनंदीबाईंचे यजमान, विक्षिप्त म्हणून प्रसिद्धच) यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि सगळं पुणं पेटलं. ग्रामण्य झालं, वाद शंकराचार्यांपर्यंत गेला, बहिष्कार पडले. शेवटी टिळकांनीही प्रायश्चित्त घेतलं आणि रानड्यांनीही. एका कपासाठी! पुढे अवघ्या तेरा वर्षांनी, १९०३ साली, सरकारने चहावर उपकर बसवला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. आमचे आजोबा त्याच पुण्यातल्या सोवळ्या घरातले, आणि सकाळचा चहा पाच मिनिटं उशिरा आला तर घर डोक्यावर घेत. मुलं हसायची ती इथेच. मग एखादा हळूच विचारायचा, “बाई, पण कोणाच्या हातचं खाल्लं म्हणून एवढं रागवायचं?” हा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि तिथेच मी आज येणार आहे.

कारण खरी जुनी न्याहारी म्हणजे शिळं. रात्रीची भाकरी, रात्रीची पोळी, उरलेला भात. फोडणीची पोळी आणि फोडणीचा भात ही आमच्या पिढीची सगळ्यात लाडकी न्याहारी. आमच्याकडे तिला कुस्करा म्हणत, कुठे मनोहरा म्हणतात, माझ्या एका मैत्रिणीच्या माहेरी तर माणिकपैंजण! नाव काय, तर माणिकपैंजण, आणि वस्तू काय, तर रात्रीच्या चार पोळ्या चुरलेल्या. कांदा परतताना येणारा तो वास, कढईला खाली लागलेले कुरकुरीत तुकडे (त्यावरून भावंडांत मारामाऱ्या), वरून कच्चं तेल आणि शेंगदाण्याची चटणी... आजही मला बरं नसलं की तेच खावंसं वाटतं. परदेशी असलेली माझी पुतणी तिकडच्या तयार पोळ्या मुद्दाम आदल्या दिवशी आणून शिळ्या करते आणि मग फोडणीला टाकते. तिला मी हसत नाही.

पण लक्षात घ्या, फोडणीची पोळी ही मुलांच्या आणि पुरुषांच्या वाट्याची. तेल, कांदा, कोथिंबीर घालून शिळ्याचं ताजं करायचं ते त्यांच्यासाठी. आजी स्वतः काय खायची? कोरडी पोळी चहात बुडवून, उभ्या उभ्या, नाहीतर सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरेल ते. तिला कोणी नाश्ता विचारल्याचं मला आठवत नाही. ‘आजीच्या हातची चव’ असं आपण म्हणतो, पण आजीच्या तोंडाला कशाची चव होती हे कोणी लिहून ठेवलं नाही.

आणि याच्याही पलीकडे घरं होती. जिथे शिळी भाकरी ही उरलेली नसे, तर दारोदार फिरून, गावकामाचा मोबदला म्हणून गोळा केलेली असे. दहा घरची, दहा धान्यांची, कोणी कधी केलेली कोण जाणे. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं, लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० साली. ती पुस्तकं मी वाचली तेव्हा मला आमच्या माणिकपैंजणाची आठवण झाली आणि घास अडकल्यासारखं झालं. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचं मांस सोडा, शिळ्या-उष्ट्या तुकड्यांवर जगणं सोडा असं सांगितलं. चवदार तळ्याचं पाणी सगळ्यांना माहीत असतं, त्याच परिषदेतलं हे शिळ्या तुकड्यांचं म्हणणं मात्र पाठ्यपुस्तकात शिकवताना मला कधी भेटलं नाही. ते मी माझ्या पदरचं सांगत असे. एकाच शिळ्या भाकरीच्या दोन गोष्टी आहेत. माझ्या घरी तिची आठवण काढून गहिवर येतो आणि कोणाच्या घरी ती नाकारण्यासाठी परिषद भरवावी लागते. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर मिळवावं. मराठवाड्यातल्या दलित घरांतलं खाणं त्यात कृतींसकट आहे. ‘पारंपरिक महाराष्ट्रीय’ अशी पाटी लावणाऱ्यांनी तर आधी तेच वाचावं.

मग ताजा, गरम नाश्ता घरोघर आला कशाने? माझं उत्तर साधं आहे: जळणाने. चूल पेटवणं म्हणजे लाकडं, गोवऱ्या, फुंकणी, धूर आणि अर्धा तास. ती एकदा पेटवली की अख्खा स्वयंपाक उरकायचा. नुसत्या पोह्यांसाठी कोण पेटवणार? मग रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह आला. पंप मारा, पिन करा, भडका उडाला की मागे सरा. पण दहा मिनिटांत कढई तापायची. १९६५ साली इंडियन ऑईलचा इण्डेन गॅस सुरू झाला, आमच्या घरी तो यायला १९७८ उजाडलं, आणि त्यासाठी किती वर्षं नंबर लावून बसलो होतो ते विचारू नका. खेड्यातल्या पुष्कळ घरांत तर तो २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर पोचला. कांदेपोह्यांचं राज्य खरं सुरू झालं ते गॅसच्या शेगडीवर. मुलगी बघायला येणाऱ्यांपुढे पोहेच का, याचंही उत्तर त्यातच आहे. किती माणसं येतील सांगता येत नाही, आल्यावर दहा मिनिटांत बश्या भरायला हव्यात, आणि नकार आला तर फार खर्च झालेला नको! (मला तीन ठिकाणी दाखवलं. तिन्ही वेळा पोहे आईने केले आणि मी केले असं सांगितलं गेलं.)

१९७० साली कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आलं. त्यात मापं वाटी-चमच्यांची. सासूच्या हाताखाली न शिकता, नोकरी करून, दोन खोल्यांत संसार मांडणाऱ्या आमच्या पिढीला तो मोठा आधार होता. माझी प्रत हळदीने इतकी पिवळी झाली आहे की पोह्यांचं पान वाचता येत नाही.

हे सगळं शहराकडे चाललं होतं तेव्हा मी कुठे होते? जून १९७२ ला मी नगर जिल्ह्याच्या (आता अहिल्यानगर म्हणायचं) दक्षिणेकडच्या एका गावात पहिल्या नोकरीवर रुजू झाले. पाऊस आलाच नाही. ज्यांनी तो दुष्काळ पाहिला त्यांना सांगायला नको. ज्वारी संपली, रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळू लागला. त्याची भाकरी थापता यायची नाही, थापली तर तुटायची, आणि खाल्ली तर घशाखाली उतरायची नाही. गावातली माणसं खडी फोडायला जात. कामावर सुकडी वाटत, म्हणजे भाजलेलं पीठ आणि गूळ. माझ्या सहावीच्या वर्गात दोघे भाऊ होते, एक वर्गात दोनदा बसलेला म्हणून दोघे एकत्र. ते आळीपाळीने शाळेत यायचे. ज्याचा कामावर जायचा दिवस तो आईच्या मागे जाई आणि मिळालेल्या सुकडीतली निम्मी कागदात बांधून दुसऱ्यासाठी आणी. हजेरीपटावर दोघांची उपस्थिती बरोब्बर निम्मी निम्मी. पहिल्या तासाला मुलं पाण्याच्या माठाभोवती गर्दी करत. मला आधी वाटे, तहान लागली असेल. पाणी पिऊन पोट गप्प करतात हे मला तिथल्या शिपाईमावशींनी सांगितलं. ती माझ्या आयुष्यातली न्याहारीवरची पहिली खरी माहिती. त्याच दुष्काळातल्या कामांतून रोजगार हमी योजना आकाराला आली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २००५ चा केंद्राचा कायदाही त्याच वाटेने आला.

शाळेत मुलांना खायला मिळावं ही गोष्ट सरकारदरबारी पोचायला फार वेळ लागला. १९९५ साली देशभर योजना आली ती महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायची. नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्न द्या म्हणून आदेश दिला, त्यानंतर आमच्या शाळेच्या आवारात खिचडीची पातेली चढली. ती खिचडी कधी पातळ, कधी खाली लागलेली, आणि त्यावर टीकाही पुष्कळ झाली. मी एवढंच सांगते की खिचडी सुरू झाल्यावर दुपारनंतरच्या तासांना मुलं वर्गात दिसू लागली, आणि वेगवेगळ्या वाड्या-वस्त्यांवरची मुलं एका ओळीत बसून एकाच पातेल्यातलं खाऊ लागली. पंचहौद मिशनच्या चहानंतर शंभराहून जास्त वर्षांनी.

पण खिचडी दुपारची. सकाळच्या पोटाचं काय? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मुलांना सकाळचा नाश्ता द्यावा अशी शिफारस आहे. तमिळनाडूने सप्टेंबर २०२२ मध्ये मदुराईहून तो प्रत्यक्ष सुरू केला आणि २०२३ मध्ये राज्यभरच्या सरकारी प्राथमिक शाळांत नेला. पहिली ते पाचवीच्या मुलांना शाळा भरण्याआधी गरम खाणं: रव्याचा नाहीतर शेवयांचा उपमा, खिचडी, पोंगल, वर सांबार. म्हणजे आपण रविवारी आवडीने करतो तेच. ते वाचून मी आमच्या घराजवळच्या शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंना विचारलं, पहिल्या तासाला किती मुलं न खाता येतात? त्या म्हणाल्या, “मॅडम, मोजलं नाही कधी. पण पोटात दुखतंय म्हणणारी सोमवारी जास्त असतात.” रविवारी शाळेची खिचडी नसते ना!

तुमच्यापैकी जे अजून शाळेत शिकवतात त्यांनी पुढच्या सोमवारी आपल्या वर्गात, कोणाला उभं न करता, हळूच चौकशी करून मला कळवा. आणि बाकीच्यांनी फोडणीच्या पोळीला तुमच्याकडे काय म्हणतात तेही लिहा. माझ्या वहीत आत्तापर्यंत सात नावं झाली आहेत.